जुस्तिनी का वाजवतोय, ते सांगतो

प्रिय सुहास,
स.न.वि.वि.

"स्कार्लात्ती सोडून हा कोण उकरून काढलास?" असं तू विचारलंस. या रेकॉर्डिंगसाठी हाच का निवडला, ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

लोदोविको जुस्तिनी. जन्म 1685 चा. बाख, हँडल आणि स्कार्लात्ती हे दिग्गज संगीतकारही त्याच सालचे, मग हा बिचारा दिसणार कुठून! पिस्तोया गावचा ऑर्गनवादक. 1732 मध्ये फ्लॉरेन्सला त्याचे बारा सोनाटा, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यरचना, छापले गेले. खास पियानोसाठी म्हणून छापलेलं हे पहिलंच संगीत समजलं जातं. क्रिस्तोफोरीने त्याच शहरात पियानो घडवून तोवर तीसेक वर्षं झाली होती, पण तो होता मोजक्या बड्या लोकांकडे. घेऊन वाजवणार कोण?

अर्पण केलेत पोर्तुगालच्या राजाच्या भावाला. राजा कोण, तर पाचवा जुआंव! सातच वर्षांनी चिमाजीअप्पांनी वसई घेतली, ती याच्याच राज्यातली. हे कळल्यापासून जुस्तिनी मला उगीचच ओळखीचा वाटतो.

खरी गंमत आहे खुणांची. हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य. त्याची पट्टी कशीही दाबा, तार छेडली जाते आणि आवाज जवळपास तेवढाच येतो. पियानोत मात्र दाबाल तसा लहानमोठा आवाज, म्हणून गडी 'फोर्ते' (मोठ्याने) लिहितो, 'पियानो' (हळू) लिहितो, आणि त्यावर कडी म्हणजे 'प्यू पियानो', अजून हळू! नवं खेळणं मिळाल्याचा आनंद नुसता कागदावरून कळतो.

पण माझ्या हाताखाली आजचा ग्रँड पियानो, लोखंडी चौकटीचा. क्रिस्तोफोरीचा नाजूक, हलक्या हातोड्यांचा. नेहमीच्या सवयीने फोर्ते हाणला की थेट बेथोव्हेन अवतरतो. म्हणून फोर्ते साध्या बोलण्याच्या पट्टीत ठेवलाय आणि बाकी सगळं त्याच्या खाली. त्यासाठी माईक जवळ घ्यावा लागला, तर आता पट्ट्यांची खटखट आणि स्टुलाची करकर ऐकू येते. रेकॉर्डिस्ट वैतागलाय.

सगळंच सोनं नाही हं. काही जिगा, म्हणजे जलद नाचाच्या चालीचे भाग, नुसत्या धावतात, पोचत कुठेच नाहीत. पण पहिल्या, जी मायनर सोनाटातली सरबांद, म्हणजे संथ नाचाच्या चालीचा भाग, ऐक. तेवढ्यासाठी बाकीचं माफ.

तिचे दोन टेक पाठवतोय. एकात पेडल अगदी थोडं आहे, दुसऱ्यात अजिबात नाही. कुठला कोणता ते मुद्दाम सांगत नाही. तुझा कौल आला की तोच ठेवतो. रविवारच्या आत कळव, पुढे स्टुडिओ मिळत नाही.

वहिनींना नमस्कार, चिंगीला पापा.

तुझा,
अरुण