पोर्श ९४४चे दिवे आणि दापोडीचे काका

तीर्थस्वरूप काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय. इकडे जर्मनीत जुन्या गाड्यांचा नाद असलेली आपली मंडळी आहेत, त्यांनाही तुमचं काम कळू दे.

माझी पोर्श ९४४ ही १९८६ची. नाकावर मिटून बसणारे आणि बटण दाबलं की वर येणारे दिवे ही तिची खरी शोभा, आणि तेच ढिले झाले होते. ऑटोबानवर वेग घेतला की उजेड रस्त्यावर थरथरायचा. टीयूव्हीची, म्हणजे इथली गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का ती सक्तीची तपासणी तोंडावर आलेली. एका गॅरेजनं सरळ मोटर बदलायला सांगितली.

तुम्ही तेव्हा मुलाकडे श्टुटगार्टला आला होतात. आल्या आल्या बॅटरीची वायर काढायला लावलीत, कारण दिवा अचानक मिटला तर बोटं सापडतात. मग मोटरवरची मूठ हातानं फिरवून दिवे वर आणलेत. एक हात दिव्यावर आणि दुसऱ्या हाताची बोटं एकेका सांध्यावर! दिवा हलवायचा आणि कुठे टक् लागतं ते बोटांनी ओळखायचं. ह्या गाडीत दोन्ही दिव्यांना मिळून एकच मोटर. तिच्याकडून आडवा दांडा जातो आणि दोन्हीकडच्या लिंक, म्हणजे जोडदांड्या, दिवे उचलतात. मोटर ठणठणीत होती. झिजले होते ते लिंकमधले प्लॅस्टिकचे बुश, म्हणजे सांध्यातल्या पिनेभोवती बसणाऱ्या छोट्या नळ्या, आणि उजवीकडचा एक तर चिरलेला. इतक्या वर्षांच्या थंडीत प्लॅस्टिक किती टिकणार!

ओळखीच्या एकाच्या तळघरातल्या छोट्या लेथवर तुम्ही ब्राँझचे बुश काढलेत. त्याआधी व्हर्नियरनं पिना मोजल्यात. पिनच झिजलेली असेल तर नवा बुशही टिकत नाही, हे तुम्ही तेव्हा सांगितलंत. "बोटानं फिरला पाहिजे, पण हलता कामा नये," एवढंच तुमचं माप. दिव्याखाली पट्टी वेल्ड करून तो जाम करायचा सल्ला मला कुणीतरी दिला होता. तुम्ही तो ऐकूनही घेतला नाहीत. बरं झालं, कारण जुन्या गाडीची एच नंबरप्लेट मिळते ती गाडी मूळ रूपात जपली तरच.

डावी बाजू तुम्ही केलीत आणि उजवी माझ्याकडून करून घेतलीत. घाई असताना, मी चाचपडत असताना, एकदाही माझ्या हातातला पाना घेतला नाहीत. काका, ह्यासाठीचे आभार सगळ्यात मोठे. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये तुमच्या हाताखाली तयार झालेल्या पोरांचा मला खरोखर हेवा वाटतो.

शेवटी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करून, दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेंटीमीटर खाली रेघ मारून आपण उजेडाचा रोख त्या रेघेवर लावून घेतला. तपासणीत त्याच दिव्यांवर काहीही शेरा आला नाही. इथून जवळच नेकार्सुल्मच्या ऑडी कारखान्यात बांधलेली ही गाडी दापोडीच्या हातांनी सावरली, हे मी भेटेल त्याला सांगतो.

हाइलब्रॉनच्या मित्राच्या ९४४लाही हीच तक्रार आहे. येत्या शनिवारी त्याच्याकडे जातोय. पिना आधी मोजेन.

काकूंना नमस्कार.

आपला,
श्टुटगार्टचा शेजारी