चोर्ल्याच्या घाटातला राक्षस काय खातो?

डॉर्टमुंड, रविवार

प्रिय बाळ्या,

आई-पप्पांना नमस्कार सांग, मी बरी आहे, थंडी कमी झाली, जेवण वेळेवर चाललंय. आता तुझ्या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या गेमचं.

तू पाठवलेलं पीडीएफ मी काल रात्री बसून सगळं वाचलं. मे महिन्यात जांबोटीला मामाकडं सगळी भावंडं जमणार आणि तू डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, होऊन त्यांना खेळवणार, तेही आपल्याच खानापूर तालुक्यातल्या जंगलात, हे मला किती आवडलंय काय सांगू. मॅप तर झकासच केलायस, कणकुंबी, चोर्ला, भीमगड, म्हादईचं खोरं, सगळं जागच्या जागी. खरं राक्षस मला पटला नाही आणि का पटला नाही ते सविस्तर लिहिते, कारण मे यायला अजून वेळ आहे.

तू लिहिलंयस की तो गुहेत राहतो, अदृश्य होतो, १२० हिट पॉइंट, म्हणजे तेवढा मार बसला की मरणार, आणि रोज रात्री माणसं खातो. बरं. मग कणकुंबीचा बाजार तुझ्या गोष्टीत नेहमीसारखा कसा काय भरतोय? रोज रात्री माणूस जात असेल तर महिन्याभरात वाडीच्या वाडी उठून बेळगावला जाईल की! घाटातनं गाड्या बंद होतील, गवळीवाड्यातली माणसं म्हशी घेऊन खाली उतरतील, बंदुकीचं लायसन असलेला प्रत्येक जण जंगलात घुसेल. आणि माणसं संपल्यावर तो काय खाणार? तुझ्या पानावर त्याचं नखसुद्धा किती लांब आहे ते लिहिलंय, खरं तो जगतो कशावर हे कुठंच नाही. माझ्या मते आकडे सगळ्यात शेवटी लिहायचे. आधी पोट, मग झोपायची जागा, मग शेजारीपाजारी त्याच्यापासून कसे वाचतात ते.

डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आलं, आणि सुरुवातीच्या वर्षांत त्यातले दोन-तीन राक्षस चक्क हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यांवरनं सुचले होते, घुबडाच्या तोंडाचं अस्वल म्हणजे आउलबेअर त्यातलाच, आणि गंज चढवणारा रस्ट मॉन्स्टर पण. म्हणजे कल्पना कुठूनही येऊ दे, त्यात कमीपणा काही नाही. रस्ट मॉन्स्टर अजून टिकलाय ते कशामुळं बघ, तो लोखंड खातो, बस्स. त्याला माणसाशी वैर नाही, त्याला तुझी तलवार पाहिजे. त्या एका भुकेतनं सगळं आपोआप निघतं, चिलखत घातलेला गडी मागं सरकतो आणि लाकडी सोटा घेतलेला पुढं होतो, आणि जवळ गाव असेल तर तिथं लोखंडी कडीकोयंडा सापडणारच नाही. जेलॅटिनस क्यूब पण तसाच, दहा फुटी बोळ गच्च भरेल एवढा पारदर्शक चौकोनी गोळा, बोळातनं सरकतो आणि वाटेत येईल ते जिरवत जातो. त्यामुळं एखादा बोळ लख्ख स्वच्छ दिसला की मुरलेला प्लेयर तिथंच थांबतो. भीती त्या स्वच्छ फरशीची वाटते, आकड्यांची नाही.

आता तुझ्या गुहेकडं ये. आपल्याकडं भीमगडच्या जंगलात बारापेडेच्या गुहा आहेत आणि तिथं जी रॉटनची वटवाघळं आहेत ती जगात फार थोड्या ठिकाणी सापडतात. एवढी सोन्यासारखी गोष्ट दारात असताना तू अदृश्य व्हायची पॉवर का घेतलीस? तुझ्या राक्षसाला वटवाघळासारखं बघू दे, म्हणजे आवाज सोडायचा आणि तो परत येईल त्यावरनं समोर काय आहे ते ओळखायचं. वटवाघळाचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, ह्याचा येऊ दे, टक् टक् टक्, लांबनं हळू आणि जवळ आला की भराभर. डोळे नाहीतच. खायला रानडुक्कर, भेकर, सुटलेलं वासरू, आणि माणूस कधीतरीच.

एवढं ठरवलंस की बाकी गाव स्वतःच सांगायला लागतं बघ. धो धो पावसात त्याला काही कळत नाही, सगळीकडनं आवाजच आवाज, म्हणून तुझ्या कणकुंबीतली माणसं मुसळधार पावसात बिनधास्त रान तुडवतात आणि उन्हाळ्यातल्या शांत रात्री दार उघडत नाहीत. पावसाळाभर तो उपाशी, म्हणून दिवाळीच्या आसपास सगळ्यात खवळलेला. घाट चढताना बैलांच्या गळ्यात भरपूर घुंगरं बांधतात, त्या आवाजानं पण तो गोंधळतो, खरं का बांधतात ते पोरांना माहीत नाही, म्हातारी माणसं नुसतं "बांध" म्हणतात. प्लेयर पहिल्या दिवशी ही घुंगरं बघतील आणि विसरतील. तू विसरू नको.

नियमात पण हे चपखल बसतं. पाचव्या एडिशनच्या २०१४ च्या पुस्तकात साध्या वटवाघळाला ६० फुटांचं ब्लाइंडसाइट, म्हणजे डोळ्यांशिवाय ओळखायची ताकद, आहे आणि ते बहिरं झालं की ते ब्लाइंडसाइट जातं. सायलेन्स स्पेल, म्हणजे आवाज बंद करणारी जादू, तिचं वर्तुळ २० फूट त्रिज्येचं, आत जो पूर्ण सापडला तो बहिरा. म्हणजे सायलेन्स टाकला की तुझा राक्षस आंधळा! आणि आपला विझार्ड अदृश्य होऊन ऐटीत पुढं गेला तर त्याचा काहीच उपयोग नाही, कारण त्याला मुळात दिसतच नाही, आवाज मात्र अदृश्य माणसाला पण आपटून परत येणारच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे मनापासून सांगते. धाकटी डोकेबाज आहे, ती दुसऱ्याच सेशनला सायलेन्स टाकेल आणि तुला वाटेल अरेरे, एवढा मेहनतीनं केलेला राक्षस पाच मिनिटांत मरतोय, आणि तू म्हणशील "नाही, ह्याच्यावर चालत नाही." ते करू नको. मरू दे. तिनं घुंगरं बघितली, टक् टक् ऐकलं, दोन्ही जोडलं, आणि तू ऐन वेळी शब्द फिरवलास तर ती परत कधीच विचार करणार नाही, नुसते फासे टाकत बसेल, आणि खेळात फासे टाकण्यापेक्षा मोठं जे काही आहे ते तिथंच संपलं. जादूच्या जगात काहीही चालतं असं लोक म्हणतात, मला ते अजिबात मान्य नाही. जादू आहे म्हणूनच जास्त काटेकोर राहावं लागतं, कारण प्लेयरला धरायला दुसरं काहीच नसतं.

अपवाद पाहिजेच असेल तर आधी दाखव. समज एक म्हातारी मादी आहे जी वासावर शिकार करते, तर भर पावसात मेलेला एक रेडा त्यांना आधी सापडू दे. गावातली माणसं पण गोंधळू देत. म्हणजे तो तुझा डाव न राहता त्यांचं कोडं होईल.

इथल्या आमच्या ग्रुपमध्ये जर्मन लोकांचा स्वतःचा गेम खेळतात, दास श्वार्त्से आउगे, १९८४ पासूनचा, आणि ही माणसं कुठल्याही राक्षसाला आधी हेच विचारतात, हा हिवाळ्यात काय करतो. मला फार आवडतं ते.

हिट पॉइंट ७० वर आण, पोरं तिसऱ्या लेव्हलची आहेत. आणि मामाला फोन करून विचार, बैलांना घुंगरं कधी कधी बांधतात, खरं उत्तर मिळालं तर तेच वापर. नवीन पान झालं की लगेच पाठव.

तुझी,
ताई