तापातला अहवाल आणि बारा आठवड्यांची तारीख

महोदय,

वारंवार गर्भपात होणाऱ्या किंवा पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेल्या रुग्णांना आता मराठवाड्यातही अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची, म्हणजे पेशींच्या आवरणातल्या फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थांविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांची, तपासणी सांगितली जाते, हे चांगलेच आहे. परंतु एकच अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला की रक्तात गुठळ्या करणारा ‘अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम’ हा आयुष्यभराचा आजार जडला, असे घरोघरी समजले जाते, ते बरोबर नाही.

हिवताप, क्षयरोग, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी, एचआयव्ही, कोविड अशा अनेक संसर्गांत ही प्रतिपिंडे रक्तात दिसू शकतात. ती बहुधा थेट फॉस्फोलिपिडला चिकटतात, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतात आणि सहसा गुठळी करीत नाहीत. खऱ्या आजारातली प्रतिपिंडे मुख्यतः रक्तातील बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ या प्रथिनावर रोखलेली असतात आणि ती टिकून राहतात. म्हणूनच किमान १२ आठवड्यांच्या अंतराने पुन्हा तपासणी करावी, असा २००६ पासून आंतरराष्ट्रीय निकष आहे. अर्थात संसर्ग नेहमीच निरुपद्रवी असतो असे नाही. ज्यांना हा आजार आधीच आहे, त्यांच्यात एखादा संसर्ग एकाच वेळी अनेक अवयवांत गुठळ्या होण्याचे निमित्त ठरू शकतो. शिवाय गुठळी झालेली असेल तर उपचार बारा आठवडे थांबत नाहीत, आणि रक्त पातळ करणारी गोळी कोणीही आपल्या मनाने बंद करू नये.

या प्रतिपिंडांमुळे आणखी एक घोटाळा होतो. गरमी (सिफिलिस) ओळखण्यासाठी गरोदरपणी होणाऱ्या व्हीडीआरएल या रक्तचाचणीत कार्डिओलिपिन हे फॉस्फोलिपिडच वापरलेले असते. त्यामुळे गरमीचा रोग नसतानाही ती पॉझिटिव्ह येऊ शकते आणि टीपीएचएसारखी खात्रीची चाचणी होण्याआधीच त्या बाईच्या चारित्र्याची चर्चा सुरू होते. हा अन्याय प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला अधिकच बोचतो.

बारा आठवड्यांचा नियम कागदावर सोपा आहे. पण बीड जिल्ह्यातल्या एखाद्या बाईची पहिली तपासणी दिवाळीच्या तोंडावर झाली, तर दुसरीची वेळ येते तेव्हा ती कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी फडावर असते आणि जुना अहवाल गावाकडच्या पेटीत. तेव्हा प्रयोगशाळांनी अहवालावरच फेरतपासणीची तारीख ठळक मराठीत छापावी आणि कारखान्याच्या परिसरातील शासकीय रुग्णालयात तो नमुना घेण्याची सोय आरोग्य विभागाने करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, अंबाजोगाई