‘रेड झोन’ म्हणजे केवळ बांधकामबंदी नव्हे

महोदय,

देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीचे 2000 यार्ड आणि दिघी मॅगझिन या दारूगोळा साठ्याभोवतीचे 1145 मीटर या बांधकामबंदीच्या पट्ट्याच्या, म्हणजे ‘रेड झोन’च्या हद्दीवरून पिंपरी-चिंचवडमध्ये वर्षानुवर्षे वाद चालू आहे; मात्र घरे नियमित होणार की नाही, यापलीकडे तो सहसा जात नाही. लष्करी आस्थापनांभोवतीच्या बांधकामांवर निर्बंध घालण्याचा अधिकार सरकारला देणारा वर्क्स ऑफ डिफेन्स कायदा 1903 चा आहे. संगणकावरून वीज तोडता येईल, ही कल्पनाच त्या काळी नव्हती. आज लष्करी ठाण्यांना लागणारी वीज एमईएस (लष्कराची अभियांत्रिकी सेवा) घाऊक ग्राहक म्हणून बाहेरून घेते आणि आत वाटते. दूरध्वनी व इंटरनेटच्या केबल नागरी रस्त्यांखालून जातात. त्यामुळे ठाण्याच्या सुरक्षेचा काही भाग कुंपणाबाहेरच्या उपकेंद्रात असतो, जिथे लष्कराचा पहारा नसतो.

वीज क्षेत्रातून निवृत्त झालेला अभियंता म्हणून या बाहेरच्या व्यवस्थेची काळजी वाटते. झाकण निखळलेले, तारेने कसेबसे बांधलेले फीडर पिलर (रस्त्याकडेच्या वीजपेट्या) कोणत्याही वस्तीत दिसतात. एका पंपगृहात तर पाणी सोडण्याच्या संगणकाचा पासवर्ड कागदावर लिहून पडद्यालाच चिकटवलेला मी पाहिला आहे. ते पंपगृह कोठले, हे येथे न लिहिलेलेच बरे. 2021 च्या सुरुवातीला पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा (माहिती कुलूपबंद करणाऱ्या खंडणीखोर सॉफ्टवेअरचा) हल्ला होऊन बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली, तेव्हा त्याची चर्चा नुकसानीच्या आकड्यांवरच थांबली. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईची वीज गेली, लोकलगाड्या जागीच थांबल्या. त्यामागे सायबर घातपात असल्याचा संशय राज्याने व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चुकीकडे बोट दाखवले. कारण काहीही असो, नौदलाच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय असलेले शहर एका सकाळी अंधारात जाऊ शकते, एवढे तरी त्यातून सिद्ध झाले.

उलट बाजूही (कोठारापासून वस्तीला असलेला धोका) तितकीच गंभीर आहे. 31 मे 2016 च्या पहाटे पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागून स्फोट झाले. त्यात दोन अधिकाऱ्यांसह अनेक जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले आणि आगरगाव, नागझरीसारख्या शेजारच्या गावांतील लोकांना रातोरात घरे सोडावी लागली. अशा वेळी भोंगा कोणी वाजवायचा, लोकांनी कोणत्या रस्त्याने बाहेर पडायचे आणि वीज व मोबाइल दोन्ही बंद असतील तर सूचना कशी पोहोचवायची, हे निगडी, तळवडे, किवळे, रावेत येथील किती रहिवाशांना ठाऊक आहे? मे 2025 मध्ये देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला, तो स्तुत्यच होता. पण कोठाराशेजारच्या वस्तीचा सराव वेगळा असायला हवा, कारण तेथील धोका कायमचा आहे.

छावणी मंडळांचे (कॅन्टोन्मेंट बोर्डांचे) नागरी भाग स्थानिक स्वराज्य संस्थांत विलीन करण्याचे घाटत असताना हा विषय मार्गी लावणे सोपे आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आहेच. त्याच्या बैठकांना स्थानिक लष्करी अधिकारी, महावितरण, महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग आणि दूरसंचार कंपन्यांना नियमितपणे बोलवावे. सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला देणे 2022 पासून बंधनकारक आहे, पाणी वा वीज यंत्रणेवरील हल्ल्याची तीच खबर शेजारच्या लष्करी ठाण्यालाही त्याच मुदतीत द्यावी. उपकेंद्रे आणि पंपगृहांची संयुक्त पाहणी वर्षातून एकदा तरी व्हावी. तिचा तपशील गोपनीय राहणार, हे मान्य. पण पाहणी झाली की नाही, एवढे तरी महापालिकेने दरवर्षी जाहीर करावे.

एक निवृत्त विद्युत अभियंता,
निगडी, पुणे