फोटो छापू न देणाऱ्या सुभेदारकाकांना

सुभेदारकाका,
सादर नमस्कार.

माजी सैनिक आणि निवाऱ्यातले प्राणी यांच्यासाठीच्या आपल्या निधीच्या पहिल्या पत्रकावर कॅन्सरच्या उपचारांतला माझा टकलाचा फोटो तुम्ही छापू दिला नाहीत, त्याचे आभार आधी मानते. फोटो चांगला आला होता, हे मी अजूनही म्हणेन. डोक्यावर केस नाहीत, हाताला सलाईन, तोंडावर हसू. बघणाऱ्याचा हात आपसूक खिशात गेला असता. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून तो पाहिलात आणि म्हणालात, "पैसे येतील गं. पण देणाऱ्याला वाटेल तुझ्या औषधाला दिले. मग ते कुत्र्याच्या लशीवर खर्च केले तर ती फसवणूकच."

त्या फोटोच्या जागी तुम्ही एक ओळ लिहिलीत: "या निधीतला एक पैसाही संयोजकाच्या उपचारासाठी नाही." खातं वेगळं, पावतीपुस्तक वेगळं, आणि देणाऱ्यानं पावतीवर स्वतः लिहायचं, माजी सैनिकांसाठी की निवाऱ्यातल्या प्राण्यांसाठी. सैन्यात स्टोअर सांभाळलेल्या माणसाला माल कुणाचा आणि ताबा कुणाचा, यातला फरक समजावून सांगावा लागत नाही. मला मात्र तेव्हा तो कोरडेपणा वाटला होता.

आणि तो प्रश्न. त्या काळात माझ्याशी बोलताना सगळ्यांनी भविष्यकाळ सोडून दिला होता. पुढच्या वर्षाचा विषय निघाला की कुणाला तरी चहाची आठवण व्हायची. तुम्ही निधीच्या कागदांवरून मान वर न करता विचारलंत, "तू नसलीस तर सही कुणाची?" बाजूला बसलेल्या माझ्या बहिणीचा चेहरा पडला. मला मात्र निदानानंतर पहिल्यांदाच नीट श्वास घेतल्यासारखं वाटलं. मी नसणं हीसुद्धा एक सोय लावण्याची बाब आहे, दोन सह्या आणि एक ठराव केला की भागते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आपण ठराव केला: तिघांपैकी कुणाही दोघांच्या सह्या, आणि निधी बंद पडला तर शिल्लक निम्मी-निम्मी. त्या रात्री मी शांत झोपले. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना झोप लागणं म्हणजे काय, ते ज्यानं घेतल्यात त्यालाच विचारावं.

कॅन्सर झालेल्या बाईनं कॅन्सरसाठी पैसे गोळा करावेत, सैनिक आणि कुत्री मध्येच कुठून आली, असं अनेकांनी विचारलं. तुम्हीही विचारलं होतंत. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, आवड होती इतकंच. उत्तर तुमच्यामुळेच सापडलं. माझ्या लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या, औषधांची यादी मी तुम्हाला वाचून दाखवत होते आणि व्हिन्क्रिस्टिनपाशी तुम्ही मला थांबवलंत. निवाऱ्यातल्या तांबूस कुत्रीला हेच देतात, म्हणालात.

तिला झालेली गाठ भटक्या कुत्र्यांत सर्रास आढळते. समागमातून, चाटण्या-हुंगण्यातून जिवंत कॅन्सरपेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन रुजतात. माणसाला ती लागत नाही, हे तुम्ही पत्रकात ठळक छापायला लावलंत, कारण त्याच भीतीपोटी लोक अशा कुत्र्यांना हाकलतात. आठवड्याला एक, अशी बहुधा चार ते सहा इंजेक्शनं दिली की गाठ विरते. फक्त औषध शिरेतच जायला हवं. बाहेर झिरपलं तर आजूबाजूचं मांस जाळतं, माझ्या हातातही आणि तिच्या पायातही. म्हणून तुम्ही दर वेळी तिचा पाय धरून बसायचात, आणि दर डोसाआधी तिच्याही रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मोजल्या जायच्या. तिचे केस मात्र गळले नाहीत. बहुतेक कुत्र्यांचे गळत नाहीत म्हणे. याबद्दल माझी तिच्यावर थोडी नाराजी आहे.

व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासून मिळतं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. माझ्या यादीतलं दुसरं औषध, सायक्लोफॉस्फमाइड, कुठून आलं हे शोधायला बसले आणि तुमच्या गोतावळ्यात येऊन पोहोचले. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर मस्टर्ड गॅस हा विषारी वायू सोडला गेला, आणि त्यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा होतात हे तेव्हाच्या डॉक्टरांना दिसलं. त्याच जातकुळीतलं नायट्रोजन मस्टर्ड 1942 मध्ये येल विद्यापीठात लिम्फोमाच्या एका रुग्णाला देऊन पाहिलं गेलं. युद्धकाळातली गुप्तता, म्हणून ते जगाला कळलं 1946 मध्ये. मधल्या काळात, 2 डिसेंबर 1943 रोजी, इटलीतल्या बारी बंदरावर बॉम्बहल्ला झाला. तिथल्या 'जॉन हार्वी' या जहाजात मस्टर्डचे बॉम्ब होते आणि बंदरातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. मस्टर्ड मिसळलेल्या तेलानं माखलेले खलाशी आणि सैनिक तसेच ओल्या कपड्यांत राहिले. पुढं तपासणीत त्यांच्याही पांढऱ्या पेशी कोसळलेल्या दिसल्या. सायक्लोफॉस्फमाइड हे त्या नायट्रोजन मस्टर्डचंच पुढचं रूप. म्हणजे माझ्या शिरेत जे थेंब थेंब उतरत होतं, त्याची किंमत कुणीतरी आधीच मोजली होती, आणि ती मोजताना त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "हे लिही पत्रकात. फोटोपेक्षा बरं आहे."

पांढऱ्या पेशी तळाला गेल्या की निवाऱ्याच्या फाटकापाशी तुम्ही मला अडवायचात. ओरखडा, चावा, मांजरांच्या विष्ठेची माती, सगळं तेव्हा माझ्यासाठी धोक्याचं होतं. मी चिडायचे. तुम्ही रोज संध्याकाळी तांबूस कुत्रीच्या गाठीचं माप पाठवायचात, स्टोअरचा साठा कळवल्यासारखं: "आज कमी. भूक ठीक. एक चप्पल खाल्ली." माझे उपचार संपायच्या आधी ती बरी होऊन एका घरी दत्तक गेली. मला आनंद झाला आणि हेवाही वाटला.

पैसा कशावर खर्च करायचा, यावर आपण जितकं भांडलो तितकं गोळा करण्यावरून नाही भांडलो. देणाऱ्यांना पिल्लं आवडतात. नसबंदी, लशी, विजेचं बिल, म्हाताऱ्या कुत्र्याचा दुखरा गुडघा, याला कुणी हौसेनं पैसे देत नाही. माजी सैनिकांचं याहून अवघड, कारण ते मागतच नाहीत. कृत्रिम पाय एकदा मिळाला की झालं, असं मलाही वाटायचं. उरलेल्या पायाचा आकार बदलत जातो, कृत्रिम पायाची वाटी, म्हणजे सॉकेट, सैल होतं, घासून जखमा होतात आणि सॉकेट पुन्हा बनवावं लागतं, हे तुम्ही सांगितलंत. आणि एकट्या राहणाऱ्या त्या निवृत्त जवानाचंही सांगितलंत. घरातल्या कुत्र्याला कुणाकडे ठेवायचं या काळजीनं ते शस्त्रक्रिया पुढं ढकलत होते. त्यातून आपली सगळ्यात उपयोगी योजना निघाली: माजी सैनिक दवाखान्यात असेपर्यंत त्याच्या प्राण्याची सोय. अर्जात एकच प्रश्न, "कुत्रं काय खातं?" उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही, हा हट्ट तुमचा. ज्यानं मागायला इतका वेळ घेतला, त्याला आणखी कागद मागायचे नाहीत.

सत्काराच्या कार्यक्रमात कुणीतरी माझी तुलना टेरी फॉक्सशी केली. कॅन्सरमुळे एक पाय गमावलेला हा तरुण 1980 मध्ये कृत्रिम पायावर 143 दिवसांत कॅनडात 5,373 किलोमीटर धावला. आजार फुफ्फुसांत पोहोचला तेव्हा त्याला थांबावं लागलं. मी लाजून खाली बघत होते. तुम्ही कानाशी येऊन म्हणालात, "तो धावला. तू निदान हिशेब वेळेवर दे." त्या भाषणातलं तेवढंच मला आठवतं. पण त्याची एक गोष्ट तुम्हाला आवडेल: गोळा झालेल्या पैशातून त्यानं स्वतःसाठी काही घेतलं नाही.

माझा शेवटचा स्कॅन स्वच्छ आला, हे तुम्हाला कळलंच आहे. तुम्ही अभिनंदन केलं नाहीत, निवाऱ्याच्या फाटकाची किल्ली दिलीत. तीही सही घेऊन.

पुढच्या बैठकीत म्हाताऱ्या कुत्र्यांच्या दातांच्या खर्चाचा विषय मी मांडणार आहे. तुम्ही विरोध करणार, हे धरून चालले आहे. तीन दरपत्रकं घेऊन येते.

तुमची,
निधीची अध्यक्ष
(हे पद तुम्हीच गळ्यात घातलंत, तक्रार तुमच्याकडेच)