सुमी, चिनूला त्या कॅम्पला पाठवच

खानापूर

प्रिय सुमी,

काल फोनवर तू विचारलंस चिनूला त्या कॅम्पला, घरातलं माणूस गेलेल्या पोरांसाठी असतो त्या, पाठवू की नको, आणि मी नुसतं बघू म्हणाले कारण शेजारच्या काकू समोर बसल्या होत्या. आज निवांत लिहितेय. पाठव. तू पाठवलेलं सगळं वाचलं, आणखी पण शोधून वाचलं, माझं मत पक्कं झालंय.

तुझ्या सासूबाई म्हणतात ना की पोर आत्ता कुठं विसरायला लागलंय, कशाला परत उकरून काढायचं. त्यांचा लेक गेलाय, त्यांच्याशी वाद घालू नको. पण चिनू विसरलेला नाही गं. तूच सांगतीस शाळेला निघताना रोज पोटात दुखतंय म्हणतो, रात्री लाईट बंद करू देत नाही, तुला ऑफिसातनं यायला जरा उशीर झाला की दारात उभा असतो. आणि मग अर्ध्या तासात टॅबवर गेम खेळत हसतो, ते बघून लोकांना वाटतं की बरा आहे पोरगा. इंग्लंडात अशा दुःखातल्या पोरांसाठी काम करणारे लोक म्हणतात की मोठी माणसं दुःखाच्या नदीत वाहत जातात, पोरं मात्र डबक्यात उडी मारावी तशी दुःखात शिरतात, बाहेर येतात, खेळतात, परत उडी मारतात. खानापूरच्या पावसात वाढलेल्या तुला हे वेगळं समजावायला नको.

मी चिनूएवढीच होते बाबा गेले तेव्हा. हे तुला नीट कधी सांगितलंच नाही बहुतेक. निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला होते ते. घरात माणसांची रीघ, दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवायची वाट बघत सगळी उभी, आणि आम्हा पोरांना संकेश्वरला मावशीकडं धाडलेलं, बाबा मुंबईला गेलेत म्हणून सांगून. परत आले तर खुंटीवरचा त्यांचा खाकी शर्ट नव्हता, कोपरावर ठिगळ होतं त्याला आणि कितीही धुतला तरी तंबाखूचा वास यायचा. कुणाला तरी देऊन टाकलेला. मी कितीतरी दिवस येता जाता त्या रिकाम्या खुंटीला हात लावायचे. कुणी वाईट नव्हतं, सगळी मायेनंच करत होती, पण बाबांचं नाव घरात काढायचं नाही हे आम्हाला न सांगताच कळलं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिची आई बाळंतपणात गेलेली. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो आम्ही आणि त्यावर एक शब्द बोललो नाही, दोघींना वाटायचं दुसरीला रडू येईल.

त्या कॅम्पात नेमकं हेच होत नाही बघ. तिथं आलेल्या प्रत्येक पोराचं कुणीतरी गेलेलं असतं, आई, बाप, भाऊ, आजी, कुणीही, त्यामुळे चिनू तिथं "ज्याचे पप्पा वारले तो मुलगा" राहणार नाही. शाळेत तो एकटाच आहे तसा.

तुमच्या सिॲटलजवळ एव्हरेटला 2002 साली पहिला कॅम्प एरिन झाला. जेमी मोयर म्हणून बेसबॉलचा खेळाडू आणि त्याची बायको कॅरन यांनी तो सुरू केला, एरिन नावाच्या 17 वर्षांच्या मुलीच्या नावानं. लिव्हरच्या कॅन्सरनं गेली बिचारी, आणि स्वतः आजारी असताना तिला काळजी होती ती आपल्या बहिणींची. हे वाचलं आणि मी जरा वेळ फोन बाजूला ठेवला. 6 ते 17 वयाची पोरं, शनिवार-रविवारचा मुक्काम, पैसे घेत नाहीत. खेळ, पोहणं, शेकोटी सगळं इतर कॅम्पसारखंच, मधेमधे गेलेल्या माणसाबद्दल बोलणं, फोटो लावणं, त्याच्या नावानं दिवा लावणं. पोर्टलंडला तर 1982 पासून अशाच पोरांसाठी डगी सेंटर आहे, तिथं एक खोली म्हणे नुसती राग काढायला, चारी बाजूनं मऊ, पोरानं लाथा माराव्यात, ओरडावं. चिनूनं परवा रिमोट आपटला तेव्हा मला तीच आठवली.

इंग्लंडात विन्स्टन्स विश नावाची संस्था आहे 1992 पासूनची, त्यांची एक गोष्ट मला लई आवडली. पोराला तीन दगड देतात. एक साधा गुळगुळीत, रोजच्या आठवणींचा. एक खडबडीत टोचणारा, वाईट आठवणींचा. एक चमकणारा, खास आठवणींचा. तिन्ही एका मुठीत धरायचे. म्हणजे दवाखान्यातली ती रात्र पण पप्पांची आणि राजहंसगडावर खांद्यावर बसवून नेलं ते पण पप्पांचंच, एक ठेवायला दुसरी टाकावी लागत नाही. कॅम्पवाल्यांकडं नसेल तर घरी तूच कर त्याच्याबरोबर.

आणि एक महत्त्वाचं. तू म्हणालीस त्यानं विचारलं, मी सकाळी पप्पांवर ओरडलो म्हणून त्यांना अटॅक आला काय. या वयाची पोरं असंच जोडतात, आपल्या रागानं, आपल्या मनात आलं म्हणून झालं असं त्यांना खरंच वाटतं. तू नाही म्हणालीस ते बरोबर, पण एकदा सांगून जात नाही ते. पप्पांच्या हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली, हृदय थांबलं, तुझ्या ओरडण्याशी त्याचा काही संबंध नाही, हे परत परत सांग, त्याच शब्दांत. झोपलेत, लांब गेलेत असलं काही नको, नाहीतर झोपायलाच घाबरतं पोर.

पाठवताना त्याला खरं सांगून पाठव की कसला कॅम्प आहे, नुसती पिकनिक म्हणून नको. फोटो त्यालाच निवडू दे. जावईबापूंचा तो निळा स्वेटर दे बरोबर, आणि सुमी, तो धुऊ नको.

आई-बापांसाठी वेगळं बसणं ठेवलेलं असेल तर तू पण जा. इथं तेराव्याला तुझ्याभोवती पन्नास माणसं होती, तिकडं गेल्यापासून तू कुणासमोर रडली नाहीस हे मला तुझ्या आवाजावरनं कळतंय.

आपल्याकडं असे कॅम्प मला तरी कुठं दिसले नाहीत. कोविडमध्ये आई-बाप गेलेल्या पोरांना सरकारनं मदत दिली, पीएम केअर्समधनं वयाच्या 23 व्या वर्षी 10 लाख मिळणार, चांगलंच आहे, पण आपल्या गल्लीतलं ते पोर शाळेच्या कट्ट्यावर एकटं बसतं त्याचं काय. मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनसेवा आहे टेली-मानस, तिचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, तो मी त्याच्या आजीला लिहून दिलाय. मे महिन्यात जांबोटीकडं अशा चार-पाच पोरांना घेऊन दोन दिवस राहायचं माझ्या मनात आहे, शाळेतल्या जुन्या बाईंशी बोलणं चाललंय, एखादी समुपदेशक बरोबर मिळाली तरच करणार, हौसेनं करायचं काम नाही हे. चिनूच्या कॅम्पात काय काय करून घेतात ते मला सविस्तर कळव.

रविवारी आणायला गेलीस की गाडीत लगेच काय केलं, रडलास काय, असं विचारू नको. भूक लागली असेल, आधी खायला दे. फॉर्म या आठवड्यात भर, जागा लवकर भरतात असं तूच म्हणालीस.

तुझी,
आई