जलविद्युतची मदत मेगावॉटवर मोजू नका, युनिटवर मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी जलविद्युत प्रकल्पांच्या पूरक सुविधांसाठी १२,४६१ कोटी रुपयांच्या मदतीला मंजुरी दिली. २०२४-२५ ते २०३१-३२ या आठ वर्षांत सुमारे ३१,३५० मेगावॉट क्षमतेसाठी हा पैसा खर्च व्हायचा असून त्यातले १५,००० मेगावॉट उदंचन, म्हणजे आपण ज्याला पंप्ड स्टोरेज म्हणतो, त्या प्रकल्पांचे आहेत. वीज जास्त असताना पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि गरजेच्या वेळी तेच खाली सोडून वीज काढायची, असे हे प्रकल्प. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये उदंचन प्रकल्पांचे स्वतंत्र धोरण आणले आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरील अनेक जागांसाठी कंपन्यांशी करार केले. त्यामुळे ही मदत कशी मोजली जाते आणि कोणाच्या हाती पडते, हा आता आपल्या घरचा प्रश्न झाला आहे. पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता म्हणून माझी एकतीस वर्षे गेली, त्यातली बरीचशी धरणांच्या पायथ्याशी. त्या अनुभवाच्या आधारे काही गोष्टी वाचकांसमोर आणि शक्य झाल्यास धोरणकर्त्यांसमोर मांडाव्यात, म्हणून हे पत्र.

या योजनेचा हिशेब साधा आहे. २०० मेगावॉटपर्यंतच्या प्रकल्पाला मेगावॉटमागे १ कोटी रुपये, आणि त्यापुढच्या प्रत्येक मेगावॉटला ७५ लाख रुपये, अशी मदतीची कमाल मर्यादा आहे. म्हणजे १,००० मेगावॉटच्या एका प्रकल्पाला रस्ते, पूल, रोपवे आणि वीजवाहिन्या यांसाठी ८०० कोटी रुपयांपर्यंत मिळू शकतात. माझा याला विरोध नाही. दिवसा सूर्यापासून मिळणारी जास्तीची वीज संध्याकाळसाठी राखून ठेवायची, तर पाणी वर चढवून ठेवण्याइतका जुना आणि खात्रीचा मार्ग दुसरा नाही. घाटघरचा २५० मेगावॉटचा प्रकल्प हे काम २००८ पासून करीत आहे आणि तोही जपानच्या कर्जसाहाय्यामुळेच उभा राहिला. खोपोलीला १९१५ मध्ये वीज निर्माण झाली, कोयनेची क्षमता टप्प्याटप्प्याने १,९६० मेगावॉटपर्यंत गेली. मोठ्या कामांची या राज्याला सवय आहे आणि त्यांचा अभिमानही आहे. परंतु ही योजना २५ मेगावॉटहून मोठ्या प्रकल्पांसाठीच आहे. त्याखालचे सारे लघु जलविद्युतमध्ये मोडते, आणि तिथली केंद्राची जुनी अनुदान योजना ३१ मार्च २०१७ रोजी संपल्यानंतर पुढची कित्येक वर्षे नव्या कामांना तसा आधार उरला नव्हता.

लघु म्हणजे किरकोळ, असा समज होऊ नये. केंद्रासाठी आयआयटी रुरकीने केलेल्या पाहणीत देशभरात सात हजारांहून अधिक जागा आणि सुमारे २१ हजार मेगावॉटची क्षमता नोंदली गेली होती. त्यातली जेमतेम चौथ्या हिश्श्याएवढी आजवर वापरात आली आहे. आणि महाराष्ट्राइतकी मोठी धरणे देशात दुसऱ्या कोणत्याही राज्यात नाहीत. त्यांची संख्या दोन हजारांच्या वर जाते. ही धरणे बांधून झाली आहेत, बुडायची ती गावे बुडाली आहेत, विस्थापितांनी द्यायची ती किंमत दिली आहे. तिथे वीज निर्माण करण्यासाठी नवे जंगल तोडावे लागत नाही आणि नवे गाव उठवावे लागत नाही. धरणाच्या विमोचकातून, म्हणजे पाणी सोडण्याच्या दारातून, कालव्यात पाणी सोडले जाते तेव्हा त्याचा जोर इतका असतो, की तो मोडण्यासाठी पुढे काँक्रीटचे कुंड बांधावे लागते. आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, सुरू असताना त्या कुंडाच्या काठावर उभे राहिले, तर पायाखालची जमीन थरथरते आणि शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. तो सारा जोर आपण काँक्रीटवर आपटून संपवतो. त्याच वाटेवर टर्बाइन बसवले, तर पाणी कालव्याला तेवढेच मिळते आणि वीज वरकड मिळते. राज्याने २००५ मध्ये २५ मेगावॉटपर्यंतच्या प्रकल्पांत खासगी गुंतवणुकीला वाट करून दिली, ती हे ओळखूनच.

मग अडते कुठे, हे मी जवळून पाहिले आहे. माझ्या हद्दीत दीड मेगावॉटचा एक संच होता. धरणाचे नाव लिहीत नाही, कारण दोष एका ठिकाणाचा नाही. पहिली चार वर्षे तो उत्तम चालला. नंतर जलाशयात जलपर्णी वाढली आणि पाण्याच्या तोंडाशी बसवलेल्या जाळीवर तिचे थर बसू लागले. त्यात प्लास्टिकच्या पिशव्या आणि नदीत सोडलेले निर्माल्य यांची भर पडायची. जाळी साफ करायला दोन माणसे आणि एक होडी पुरेशी होती, पण त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद नव्हती. पाणी कमी-जास्त होऊन यंत्र हादरे खाऊ लागले आणि एका रब्बी आवर्तनात बेअरिंग गेले. सुटा भाग भांडारात नव्हता, यंत्र पुरवणारी कंपनी तो नमुना बनवणे सोडून चुकली होती, निविदा दोनदा काढली तरी प्रतिसाद आला नाही. अडीच वर्षे तो संच बंद होता. या अडीच वर्षांत एकही आवर्तन चुकले नाही. पाणी शेजारच्या बगल वाटेने कुंडात कोसळत राहिले. दर महिन्याच्या अहवालात मात्र ‘स्थापित क्षमता १.५ मेगावॉट’ हा आकडा तसाच जात होता, कारण तो रकाना तसाच भरायचा असतो.

माझे म्हणणे एवढेच आहे, की सरकारी मदत स्थापित क्षमतेवर, म्हणजे यंत्र पूर्ण जोरात चालले तर जेवढी वीज देऊ शकेल त्या मेगावॉटच्या आकड्यावर मोजली, की सगळ्यांचे लक्ष बांधकाम पूर्ण होण्याकडे लागते आणि उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून यंत्राला वाली उरत नाही. लघु जलविद्युतसाठी केंद्राने वा राज्याने जी काही मदत द्यायची, तिचा मोठा हिस्सा प्रत्यक्ष निर्माण झालेल्या प्रत्येक युनिटवर, निदान दहा वर्षे, मीटरवरील नोंदीनुसार द्यावा. ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकेत २००५ च्या ऊर्जा कायद्यात अशी तरतूद आहे: आधीच अस्तित्वात असलेल्या धरणावर किंवा कालव्यावर नव्याने वीजनिर्मिती सुरू केली, तर निर्माण झालेल्या विजेच्या प्रमाणात दहा वर्षे प्रोत्साहनाची रक्कम मिळू शकते. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात या कामासाठी १२.५ कोटी डॉलर राखून ठेवण्यात आले. त्याच कायद्यात जुन्या जलविद्युत केंद्रांची दुरुस्ती, धरणांची सुरक्षितता आणि पर्यावरणीय सुधारणा यांसाठी ५५ कोटी डॉलरहून अधिक रक्कम वेगळी ठेवली गेली. नव्या कामाच्या चौपट पैसा जुने टिकवण्याला, ही त्या तरतुदीतली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट.

अर्थात ही पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. आपल्याकडे धरणातले पाणी आधी पिण्यासाठी आणि शेतीसाठी आहे. कालवा सल्लागार समिती आवर्तनाच्या तारखा ठरवते, वीज तिच्या मागून येते आणि तसेच राहिले पाहिजे. युनिटवर पैसे मिळू लागले, की अवेळी पाणी सोडण्याचा मोह होईल, ही शंका मला शेतकरी नक्की विचारतील आणि ती रास्त आहे. म्हणून मंजूर कार्यक्रमानुसार सोडलेल्या पाण्यावरची आणि पावसाळ्यात सांडव्यावरून वाया जाणाऱ्या पाण्यातून वळवलेली वीजच मदतीस पात्र धरावी, अशी अट आधीच घालावी लागेल. दुसरी अडचण भांडवलाची. एखादी सहकारी पाणीपुरवठा संस्था किंवा ग्रामपंचायत पुढे आली, तर दहा वर्षांनी पूर्ण होणाऱ्या मदतीच्या भरवशावर बँक तिला कर्ज देणार नाही. तिच्यासाठी एक तृतीयांश रक्कम आरंभी, उरलेली युनिटवर, अशी विभागणी करता येईल. दुष्काळी वर्षी धरण भरलेच नाही, तर देखभालीपुरती किमान रक्कम मिळावी, हेही त्यात आलेच.

आणखी एक काम या सगळ्याच्या आधीचे आहे, त्याला पैसा लागतो फार थोडा. कोणत्याही ओढ्यावर किंवा कालव्यावर वीजनिर्मितीचा प्रस्ताव करायचा, तर निदान काही वर्षांच्या विसर्गाच्या खऱ्या नोंदी लागतात. पाण्याची पातळी मोजणारी गेजची पट्टी पुरात वाहून गेलेली, ती वाचणाऱ्या कर्मचाऱ्याचे पद रिक्त, आणि वहीत मागच्या वर्षीचे आकडे थोडे फिरवून उतरवलेले, असे मी एकापेक्षा अधिक ठिकाणी पाहिले आहे. अशा आकड्यांवर काढलेली क्षमता कागदावरच राहते आणि पुढे प्रकल्प तोट्यात गेला, की दोष तंत्राला दिला जातो. मदतीच्या रकमेतला छोटा हिस्सा आधी मोजणीसाठी द्यावा आणि त्या नोंदी सर्वांना खुल्या कराव्यात.

समुद्रापासून मिळणाऱ्या विजेबाबत हेच म्हणणे अधिक जोराने लागू पडते. केंद्राने २०१९ मध्ये सागरी ऊर्जेला अक्षय ऊर्जेचा दर्जा दिला, हे योग्यच झाले. पण आपला आजवरचा इतिहास एकेकटे यंत्र उभारून नंतर ते सोडून देण्याचा आहे. केरळात विळिंजम येथे १९९१ मध्ये आयआयटी मद्रासच्या पुढाकाराने लाटांवर चालणारे १५० किलोवॉटचे केंद्र उभे राहिले, तेव्हा जगात अशी केंद्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. २०११ मध्ये ते बंद झाले आणि त्याच्या जागी दुसरे आले नाही. सुंदरबनातील दुर्गादुआनीचा ३.७५ मेगावॉटचा आणि कच्छच्या आखातातला ५० मेगावॉटचा, असे भरती-ओहोटीचे दोन्ही प्रकल्प खर्च परवडत नाही म्हणून सोडून देण्यात आले. याच्या उलट उदाहरणही आपल्याच देशातले आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने खोल समुद्रातील थंड पाण्याच्या आधारे वीज काढण्याचा तुतिकोरिनजवळ केलेला प्रयत्न लांबलचक नळ समुद्रात टिकवता न आल्याने फसला. पण ती मंडळी त्याच विषयात काम करीत राहिली, म्हणून २००५ मध्ये लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटावर त्याच थंड पाण्यापासून रोज एक लाख लिटर पिण्याचे पाणी मिळू लागले. पहिले अपयश आल्यावर निधी थांबला असता, तर बेटावरच्या लोकांना ते पाणी मिळाले नसते.

बाहेर हे कसे केले, तेही पाहण्यासारखे आहे. स्कॉटलंडमध्ये ऑर्कनी बेटांवर २००३ पासून सागरी यंत्रांच्या चाचणीचे सामायिक केंद्र आहे. अमेरिकेनेही ओरेगनच्या किनाऱ्यासमोर तशीच सोय सरकारी निधीतून उभी केली. समुद्रतळावरची केबल आणि परवानग्या चाचणी केंद्राच्या, यंत्र ज्याचे त्याचे. एक यंत्र बुडाले तरी केबल आणि नोंदी पुढच्यासाठी शिल्लक राहतात. ब्रिटनने २०२२ च्या लिलावात भरती-ओहोटीच्या प्रवाहावरील विजेसाठी वर्षाला २ कोटी पौंड वेगळे राखले, म्हणून स्वस्त पवनऊर्जेशी स्पर्धा न करता त्या क्षेत्राला सुमारे ४१ मेगावॉटचे करार मिळाले, आणि तेही प्रत्यक्ष विकलेल्या विजेच्या दरावर.

कोकणाला यातले काय लागू पडेल? खंबातच्या आखातासारखी दहा मीटरच्या आसपासची भरती आपल्याकडे नाही आणि मुंबईहून दक्षिणेला जावे तसा हा फरक आणखी कमी होत जातो. त्यामुळे खाड्यांना बंधारे घालून वीज काढण्याच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. लाटांचे मात्र वेगळे आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत, नेमक्या १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात, होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या असताना लाटांचा जोर सर्वाधिक असतो. त्या दोन महिन्यांत जाळी आणि यंत्र यांचा झगडा नाही, हे सोयीचे. पण यंत्र बिघडले तर दुरुस्तीची होडीही त्याच दोन महिन्यांत जाऊ शकत नाही, आणि उरलेले दहा महिने केबल आणि नांगर मच्छीमारांच्याच वाटेत राहणार. म्हणून रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यासमोर एक सामायिक चाचणी क्षेत्र आखावे, जागा मच्छीमार सोसायट्यांना नकाशासमोर बसवून ठरवावी, आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षे फक्त लाटा मोजणाऱ्या तरंगकांवर खर्च करावा.

शेवटची विनंती अर्जांबाबत आहे. या योजनांच्या मार्गदर्शक सूचना आणि अर्जाचे नमुने मराठीत उपलब्ध व्हावेत, अर्जाची मुदत निदान चार महिन्यांची असावी आणि प्रत्येक जिल्ह्यात एक अधिकारी त्यासाठी नेमलेला असावा. आमच्या भागातील एका पाणीपुरवठा संस्थेच्या सचिवांनी कालव्यावरच्या धबधब्याचा फोटो काढून मला दाखवला होता आणि ‘साहेब, यावर काही होईल का?’ असे विचारले होते. त्यांच्या हातातली सूचना इंग्रजीत होती आणि तिची मुदत संपायला नऊ दिवस उरले होते. त्या कालव्यावर पुढच्या आवर्तनात विसर्ग मोजायला मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता,
जि. कोल्हापूर